विरळ हवेतील उड्डाण

हेलिकॉप्टरला आधार असतो तो हवेचाच. त्याची फिरती पाती हवा खाली ढकलतात व त्या प्रतिक्रियेने ते वर उचलले जाते. उंच पर्वतावर हवा विरळ होते. तेथे पात्यांना पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिनालाही ज्वलनासाठी प्राणवायू कमी पडतो. म्हणजे जेथे शक्तीची निकड सर्वाधिक, नेमकी तेथेच ती घटते.

या अडचणीचे गांभीर्य भारताला १९९९ साली कारगिलच्या युद्धात जाणवले. हल्ल्यासाठी खास बनविलेली जड हेलिकॉप्टरे त्या उंचीवर निरुपयोगी ठरली. त्यामुळे वाहतुकीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांवर अग्निबाण चढवून त्यांनाच लढाईत उतरवावे लागले. २८ मे रोजी त्यांपैकी एक शत्रूच्या क्षेपणास्त्राला बळी पडले व त्यातील चौघेही कामी आले.

पर्वतावर लढू शकेल असे हलके हेलिकॉप्टर देशातच तयार करण्याच्या योजनेला २००६ साली मंजुरी मिळाली. बंगलोरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या कारखान्याला ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचा अनुभव होता. तो अनुभव सुखाचा मात्र नव्हता. ‘ध्रुव’ने पहिले उड्डाण १९९२ साली केले, परंतु त्यात अधिक शक्तीचे अमेरिकी इंजिन बसविण्याचा बेत १९९८च्या अणुचाचण्यांनंतर लादलेल्या निर्बंधांमुळे फसला. पुढे एका फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने ‘शक्ती’ हे इंजिन विकसित झाले. नव्या हेलिकॉप्टरात तेच वापरण्यात आले.

दुसरा प्रश्न वजनाचा. चिलखत, शस्त्रे आणि इंधन, तिन्ही हवीत. परंतु यांतील प्रत्येक गोष्ट उंची गाठण्याच्या आड येते. पहिल्या नमुन्याचे वजन अपेक्षेपेक्षा अधिक भरले. पुढील नमुन्यांत ते क्रमाक्रमाने उतरवावे लागले. २९ मार्च २०१० रोजी पहिले उड्डाण झाले आणि २०१५ साली हे हेलिकॉप्टर सियाचेनच्या परिसरात सुमारे ४,८०० मीटर उंचीवर उतरले.

तरीही वायुसेनेत त्याचा समावेश होण्यास ३ ऑक्टोबर २०२२ उजाडला. तेव्हा त्याला ‘प्रचंड’ हे नाव मिळाले. आरंभीची मागणी अवघ्या १५ हेलिकॉप्टरांची होती. आणखी १५६ हेलिकॉप्टरांचा करार मार्च २०२५मध्ये झाला. शस्त्राची गरज एका दिवसात कळते, ते घडविण्यास मात्र दोन दशके लागू शकतात. कारगिलमध्ये ज्यांना त्याची गरज होती, त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचू शकले नाही.