नवी कोरी गाडी 'जुनी' कशी करायची? स्केल मॉडेल आणि वेदरिंग



भूगोलाच्या पुस्तकात आपण खडकांचं विदारण शिकतो. ऊन, पाऊस, वारा, क्षार यांनी खडक हळूहळू कसा झिजतो, फुटतो, ते. विदारणाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच शब्द मॉडेल बनवणारी मंडळी वापरतात: वेदरिंग. फरक एवढाच, की डोंगराला जे काम करायला हजारो वर्षं लागतात ते ही मंडळी ब्रश, स्पंज आणि हेअरस्प्रे घेऊन एका रविवारी दुपारी उरकतात, आणि तेही हाताच्या पंजाएवढ्या गाडीवर.

पुष्कळांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आठ-दहा दिवस खपून चकचकीत मॉडेल बनवायचं आणि मग त्यावर गंज, चिखल, ओरखडे काढायचे? घरातली मोठी माणसं तर म्हणणारच, "अरे, चांगली गाडी कशाला खराब करतोस?" या प्रश्नाचं उत्तर एका गाडीच्या उदाहरणातून बघू. ती गाडी तुमच्या आई-बाबांनी नक्की पाहिलेली आहे: मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी.

मूळची ही गाडी इटलीतली फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून तयार होऊ लागली आणि पुढे तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली. आता तिचं मॉडेल करायचं म्हटलं तर दोन पर्याय आहेत. एक, शोरूममधून नुकतीच बाहेर पडलेली गाडी. दुसरा, वीस वर्षं मुंबईच्या पावसात, खाऱ्या हवेत, दादर-भायखळ्याच्या गर्दीत चाललेली गाडी. लोकांच्या आठवणीत दुसरी आहे. पहिली फारच थोड्यांनी पाहिली असेल.

आधी थोडं गणित

स्केल म्हणजे गुणोत्तर, दुसरं काही नाही. १:२४ म्हणजे मॉडेलवरचा १ सें.मी. हा खऱ्या गाडीवरचा २४ सें.मी. हे स्केल फूट-इंचाच्या हिशेबातून आलं. एक फूट म्हणजे १२ इंच, त्याचा चोविसावा भाग अर्धा इंच. "एका फुटाला अर्धा इंच" हे मोजायला सोपं. अमेरिकन किट बहुधा १:२५ मध्ये असतात, जपानी आणि युरोपियन १:२४ मध्ये. खिशात मावणाऱ्या धातूच्या गाड्या साधारण १:६४ च्या आसपासच्या.

पद्मिनीची लांबी साधारण ३.९ मीटर. २४ ने भागा: सुमारे १६ सें.मी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मि.मी., म्हणजे मॉडेलवर ९७.५ मि.मी. शेजारी उभा राहणारा १६८ सें.मी. उंचीचा ड्रायव्हर होतो ७ सें.मी. इथवर सगळं सरळ आहे.

आता वजन. गाडी नऊशे किलोच्या आसपास. मग मॉडेलचं वजन ९०० ÷ २४, म्हणजे साडेसदतीस किलो का? नाही! लांबी २४ पट कमी झाली, तशी रुंदीही झाली आणि उंचीही. म्हणून २४ × २४ × २४ = १३,८२४ ने भागायचं. उत्तर येतं ६५ ग्रॅम. घन आणि घनमूळ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण देतो.

खरी गंमत पुढेच आहे. खऱ्या गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १२० मायक्रॉन धरा. (१००० मायक्रॉन म्हणजे १ मि.मी.) स्केलप्रमाणे मॉडेलवर हा थर ५ मायक्रॉनचा हवा. पण आपण प्रायमर, रंग, वॉर्निश असे थर दिले की ५० मायक्रॉन सहज होतात. उलटा गुणाकार करा: ५० × २४ = १२०० मायक्रॉन, म्हणजे खऱ्या गाडीवर १.२ मि.मी. जाडीचा रंग! रंग पातळ करून, हलक्या हाताने, थोडाथोडा मारायचा तो याच कारणाने. जाड थराखाली दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. ब्रशचा एक केस रंगात चिकटून राहिला तर तो स्केलमध्ये दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार होतो. रस्त्यावरची धूळ म्हणून टाल्कम पावडर भुरभुरली, तर तिचा २० मायक्रॉनचा कण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे चक्क वाळूचा दाणा ठरतो. हा हिशेब डोक्यात बसला की वेदरिंगमधल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

किट कुठून आले?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कंपन्या विक्रेत्यांना नव्या गाड्यांची छोटी प्लॅस्टिकची मॉडेलं देत असत. ती बनवणाऱ्यांपैकी एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये गाडीचे सुटे भाग डब्यात घालून विकायला सुरुवात केली. एकाच डब्यातून तीन प्रकारे गाडी जोडता यायची, म्हणून 'थ्री इन वन'. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने पुढे अचूकपणाची हद्द केली. कंपनीचे प्रमुख शुनसाकू तामिया यांनी मापं घेण्यासाठी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून तपासली. त्यातून १९७६ चं पोर्शे ९३४ चं १:१२ मॉडेल तयार झालं.

गाड्यांचं मॉडेल करणारे मात्र बराच काळ चकाकीच्याच मागे होते. मळकटपणाची कला रुजली ती रणगाडे आणि रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांकडे. अमेरिकेतले शेप पेन यांच्यासारख्या लोकांनी ती लेखांतून, पुस्तकांतून शिकवली. गाडीवाल्यांनी ती नंतर उचलली.

जोडणी थोडक्यात

किटमधले भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. ते हाताने पिळून तोडू नका, छोट्या कटरने कापा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल भागांवर राहिलेलं असतं, म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. उरलेला खुंट बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून घासा. फट राहिली तर गॅरेजमध्ये पत्र्याला भरतात तशी पुट्टी भरा.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा खास पातळ गोंद चिकटवत नाही, तर दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो. द्राव उडून गेला की दोन्हींचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून राहतात आणि जोड एकजीव होतो. फेव्हिक्विकसारखा गोंद काचेच्या भागांजवळ नको, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक पांढरट होतं.

दोन गोष्टी बजावून सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर पॉलिस्टायरीनला लावू नका, मॉडेल वितळेल. आणि कुठलाही थिनर, स्प्रे वापरताना खिडकी उघडी, तोंडावर मास्क आणि जवळ पेटती शेगडी-उदबत्ती नाही. लहान वर्गातल्या मुलांनी हे काम मोठ्यांना सोबत घेऊनच करायचं.

किट महाग पडतं, हे खरं. त्यामुळे सरावाला खेळण्याच्या दुकानातली साधी प्लॅस्टिकची टॅक्सी पुरते. रंगाला ती काही कमी दाद देत नाही.

गंज कुठे धरतो?

इथे थांबून विचार करा, कारण सगळं वेदरिंग या एका प्रश्नावर उभं आहे. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, म्हणून समुद्राकाठी ही क्रिया जास्त वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रंगाखाली गंज धरला की रंग फुगतो, पोपडा येतो आणि शेवटी तो गळून पडतो.

मग गाडीवर पाणी कुठे साचतं ते शोधा. दाराचा खालचा काठ. आतलं पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. चाकावरच्या मडगार्डची आतली कड. टपाच्या दोन्ही बाजूंची पन्हळ. मागच्या काचेच्या रबराखालची फट. गंज इथे दाखवायचा. टपाच्या मधोमध मोठा डाग काढला तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरीही काहीतरी चुकलंय हे मात्र जाणवतं. अपवाद कॅरिअरच्या पायांपाशी: तिथे सामानाचा भार, घर्षण, खरचटलेला रंग. पद्मिनी टॅक्सीत पुढे सीएनजीची टाकी डिकीत बसली, त्यामुळे प्रवाशांच्या बॅगा टपावर चढल्या. कॅरिअरच्या नळ्यांवर रंग घासून गेलेला हवाच. त्याच सीएनजीमुळे आणखी एक गोष्ट: शेवटच्या वर्षांतली टॅक्सी करत असाल तर सायलेन्सरभोवती काजळीचा जाड थर नको. गॅसवर चालणारी गाडी तेवढा काळा धूर सोडत नाही.

हेअरस्प्रेची युक्ती

आधी सगळीकडे गंजाचा तपकिरी रंग द्या. तोही एकसारखा नको. जुना गंज गडद चॉकलेटी, ताजा गंज नारिंगी. त्यावर वॉर्निश. ते वाळलं की स्वस्तातल्या हेअरस्प्रेचे एक-दोन हात. त्यावर गाडीचा वरचा रंग, पण तो पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिकच हवा. तास-दोन तासांनी, रंग पुरता घट्ट व्हायच्या आत, हवी ती जागा पाण्याने ओली करा आणि ताठ केसांच्या ब्रशने हलकेच घासा. पाणी रंगातून झिरपून हेअरस्प्रे विरघळवतं, त्यावरचा रंग सुटतो आणि खालचा गंज दिसतो. पोपडा खरोखरच निघालेला असल्यामुळे त्याच्या कडा खऱ्या वाटतात. ब्रशने रंगवलेल्या डागाला ती सर नाही.

आकार मात्र सांभाळा. मॉडेलवरचा १ मि.मी. चा पोपडा खऱ्या गाडीवर २४ मि.मी. असतो, जवळजवळ जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा.

काळा रंग शुद्ध काळा नको, किंचित राखाडी मिसळा. लांबून पाहिलेली वस्तू फिकट दिसते आणि मॉडेल आपण जणू लांबूनच पाहत असतो. शिवाय बॉनेट आणि डिकी उन्हाला सरळ तोंड देतात, म्हणून त्या दारांपेक्षा जास्त विटलेल्या. पिवळ्या टपाखाली आधी पांढरा थर द्या, कारण पिवळा रंग खालचं झाकत नाही.

यानंतर वॉश. टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला तपकिरी-काळा एनॅमल रंग ब्रशच्या टोकाने दाराच्या फटीला टेकवा. केशाकर्षणाने तो फटीतून आपोआप पळतो. खाली ॲक्रेलिक असल्यामुळे टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. जास्तीचा वॉश पुसता येतो. खालच्या आणि वरच्या थराचा द्रावक वेगळा हवा, हा नियम वहीत लिहून ठेवा.

एक तक्रार मला अनेक मॉडेलांबद्दल आहे: ती नुसती सडलेली असतात. टॅक्सी भंगारात पडलेली नव्हती, रोज धंदा करत होती. आरटीओच्या पासिंगआधी मालक पत्रा ठोकून, टचिंग करून घ्यायचा. त्यामुळे एका मडगार्डचा काळा बाकीच्या गाडीपेक्षा ताजा आणि चकचकीत, हे गंजाइतकंच खरं आहे. ड्रायव्हरच्या दारावर, जिथे उजवं कोपर टेकतं, तिथे रंग गुळगुळीत झिजलेला. डाव्या बाजूला पुढे, बाहेर बसवलेला मीटर. तो पाडण्यासाठी हात लागून लागून त्याची कड उघडी पडलेली. माणसाच्या हाताच्या अशा खुणा गंजापेक्षा जास्त बोलतात.

शेवटी काचा. वायपरच्या फेऱ्याच्या आकाराचा मास्किंग टेपचा तुकडा काचेवर लावा, बाकी काचेवर मातकट रंगाचा अगदी विरळ फवारा द्या आणि टेप काढा. नंबर प्लेट पिवळी, अक्षरं काळी. ५०० × १२० मि.मी. ची पाटी १:२४ मध्ये साधारण २१ × ५ मि.मी. होते आणि ६५ मि.मी. उंचीचं अक्षर पावणेतीन मिलिमीटरचं. कॉम्प्युटरवर छापून चिकटवा, आणि पाटीचा एक कोपरा किंचित वाकवा.