गोष्ट सांगणारी पाहुणी शाळेत येते तेव्हा

आजचं बोलणं बचतीचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज आपल्या लेकरांच्या गोष्टींचं बोलायचंय.

मी मुलांसाठी लिहिते आणि शाळाशाळांतून गोष्टी सांगायला जाते. सकाळी गोष्टी सांगायच्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मुलांना लिहितं करायचं, असा दिवसभराचा बेत असतो. कागदावर त्याला ‘कथाकथन व लेखन कार्यशाळा’ म्हणतात. नाव भारी आहे, पण काम आपल्या आजीच्या ओसरीवरचंच. तरी कुरुंद्यासारख्या गावाला ते का लागतं, ते सांगते.

वसमतला हळद घेऊन गेलात की बाजारात किती बोल्या कानावर पडतात बघा. आपली मराठी, मुसलमान घरांतली दखनी, तांड्यावरची गोरमाटी. बाजारात त्यानं कुणाचं अडत नाही. अडतं ते पहिलीच्या वर्गात. तांड्यावरचं लेकरू आईला ‘याडी’ म्हणतं, भाकरीला ‘बाटी’ म्हणतं. पुस्तकात ते शब्द नसतात. आपल्या मराठी घरातलं लेकरूसुद्धा ‘कामून’ म्हणतं आणि पुस्तक ‘का’ म्हणतं. मग लेकरू गप्प बसतं. गप्प बसलेलं लेकरू मठ्ठ आहे, असं सगळे धरून चालतात. थोड्या दिवसांनी ते स्वतःही तसंच धरतं. तिथून शाळा सुटायला फार वेळ लागत नाही.

मीही यात चुकलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका शाळेत एक मुलगी उठून तिच्या बोलीत काहीतरी सांगू लागली. मी म्हणाले, “मराठीत सांग बाळा.” ती खाली बसली आणि दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही. मी प्रेमानंच म्हणाले होते, पण तिच्या कानात गेलं ते एवढंच, की तुझं इथं चालत नाही.

आता एक गोष्ट मी नेहमी अर्धी सांगते. चिमणी-कावळ्याची. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या दारात येतो आणि दार उघड म्हणतो. इथं मी थांबते आणि विचारते, तुमच्या घरी पुढं काय सांगतात? आणि कुठल्याही बोलीत सांगा म्हणते. मग वर्ग उठतो! कुणाची चिमणी बाळाला न्हाऊ घालत असते, कुणाची भाकऱ्या थापत असते. एक मुलगी म्हणाली, बाप घरी नसताना दार कसं उघडायचं? एका मुलाचे आईबाप ऊसतोडीला जायचे. तो म्हणाला, “आमच्या कोपीला दारच नसतंय.” मग त्यानं पुढची गोष्ट अर्धी गोरमाटीत, अर्धी मराठीत सांगितली. शेजारची मुलगी आम्हाला अर्थ सांगत होती. त्याच्या गोष्टीत कावळा सरळ आत येऊन बसला होता. दुपारी त्यानं चार ओळी लिहिल्या. मी शुद्धलेखनाला हात लावला नाही. आधी लेकराचं म्हणणं कागदावर यावं, वेलांट्या मागून येतात.

हे काही मी शोधलेलं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित काढायचे. पुढे ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही रोज रात्री मुलांना गोष्ट सांगावी तसं. त्यात बेचाळीस रात्री आहेत. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी तमिळ शिकून घेतलं आणि ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. एका प्रांतानं दुसऱ्याची भाषा आणि गोष्टी जाणून घ्याव्यात, या त्यांच्या विचाराला त्यांनी ‘आंतरभारती’ असं नाव दिलं. १९५० साली गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्ट सांगणारी माणसं शाळाशाळांत जाऊ लागली.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत बोलले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाऊन आलेल्या लेकराला हे सांगा. पगडीवाला माणूस त्याला मग परका वाटत नाही.

आता कामाचं. असा पाहुणा बोलवायचा तर सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असायला लागतात. म्हणजे गटातली कुणी ना कुणी तिथं असणारच. सही करून परत येऊ नका, बैठकीत विषय काढा. लेखकाला जाण्यायेण्याचं भाडं, मानधन आणि जेवण द्यावं लागतं. ते आधीच स्पष्ट बोलून घ्यावं.

दिवस मात्र दिवाळीच्या आधीचा धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीची घरं उठतात आणि ज्या लेकरांसाठी हे करायचं, तीच वर्गात नसतात. हार-तुरे, नारळ आणि भाषणं यांना दहा मिनिटांच्या वर देऊ नका. एका ठिकाणी सत्कारातच जेवणाची सुट्टी झाली होती आणि लेकरं उन्हात बसून होती. आणखी एक, पूर्ण शाळा माईकसमोर बसवू नका. तीस-पस्तीस मुलं एका खोलीत असली की प्रत्येकाचा आवाज निघतो. बाकीच्या वर्गांना दुसऱ्या दिवशी घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी.

लेखक एक दिवस येतो आणि जातो. त्यानं पेटवलेलं तसंच ठेवायचं तर पुढचं काम आपलं आहे. महिन्यातून एका शनिवारी गटातल्या दोघीतिघींनी शाळेत जाऊन गोष्ट सांगायची. एक गावातली, एक तांड्यावरची, एक मोहल्ल्यातली, अशा मिळून जा. लिहितावाचता येत नाही म्हणून मागं राहू नका. जात्यावरच्या ओव्या काय पुस्तकात बघून म्हटल्या होत्या? आपली गोष्ट आपल्याच बोलीत सांगा. बाई किंवा गुरुजी फळ्यावर चार शब्द दोन्ही बोल्यांत लिहितील. घरी वाचायला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, १९७१ पासून निघतंय. शाळेत येत नसेल तर मागवायला सांगा.

लिहायला काय द्यायचं, असं शिक्षक विचारतात. २०२२ च्या जुलैत आपल्या कुरुंद्यात पाणी शिरलं होतं. तेव्हा लहान असलेली लेकरं आता हाताशी आलीत. कुणाचं धान्य भिजलं, कुणी कुणाच्या माडीवर आसरा घेतला, म्हातारीला कुणी उचललं, हे त्यांना घरी विचारू द्या आणि लिहू द्या. त्या दिवशी कुणी दार उघडलं, तेही त्यात येईल. शाळेनं या कागदांना दोरा घालून हस्तलिखित केलं, की एक प्रत रेडिओवर घेऊन या. लेकरांनाही आणा, त्यांच्याच आवाजात वाचून घेऊ. ज्याला ज्या बोलीत वाचायचं, त्या बोलीत.