बाळंतपणानंतर पुन्हा शंभर मीटर



बैठक संपते, रजिस्टरवर सह्या होतात, आणि एखादी सून चपला घालता घालता हळूच विचारते, "ताई, बाळ सहा महिन्यांचं झालं. भरतीची तयारी पुन्हा सुरू करू का? आता धावता येईल का मला?" चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गटांमध्ये फिरताना हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. म्हणून आजचं बोलणं याच विषयावर.

आपल्याकडे मुलींचं धावणं म्हणजे नुसती हौस नाही. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींसाठी त्यात ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. या ५० पैकी निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार होतो. शंभर मीटरमध्ये तर अर्ध्या सेकंदानेही गुण खाली येतात. दुसरीकडे वयाची अट आहे. लग्न, पहिलं बाळ आणि भरतीची शेवटची संधी ही तिन्ही बऱ्याच मुलींच्या आयुष्यात एकाच वेळी येतात. मग घरात दोन प्रकारचे सूर निघतात. कुणी म्हणतं, "आता लेकुरवाळी झाली, धावणं संपलं." कुणी म्हणतं, "जाहिरात निघाली, उद्यापासून लाग धावायला." आमच्या मते दोन्ही सूर चुकीचे आहेत. धावणं संपत नाही, पण ते उद्यापासून सुरूही होत नाही.

आई झाल्यावर वेग परत येतो का?

येतो, आणि त्याला जगासमोरचे पुरावे आहेत. आपल्या पी. टी. उषा यांनी मुलगा झाल्यानंतर पुन्हा सराव धरला. १९९८ साली जपानमधल्या फुकुओका इथे झालेल्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदकं मिळवली आणि चार बाय शंभर मीटर रिलेच्या सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. जमैकाच्या शेली-अॅन फ्रेझर-प्राइस यांना ऑगस्ट २०१७ मध्ये मुलगा झाला. २०१९ मध्ये दोहा इथे त्यांनी १०० मीटरचं जागतिक विजेतेपद १०.७१ सेकंदांत जिंकलं. अमेरिकेच्या अॅलिसन फेलिक्स यांचा रक्तदाब गरोदरपणात खूप वाढला. नोव्हेंबर २०१८ मध्ये, दिवस भरण्याआधीच, सिझेरियन करून मुलीला जन्म द्यावा लागला. त्याही पुढे २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं सुवर्ण घेऊन गेल्या. त्याही आधी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दोन मुलांची आई असलेल्या फॅनी ब्लँकर्स-कोएन या डच बाईंनी चार सुवर्णपदकं जिंकली होती.

यातली एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. फ्रेझर-प्राइस यांच्या बाळंतपणापासून त्या विजेतेपदापर्यंत दोन वर्षं गेली. त्यांच्या हाताशी डॉक्टर होते, प्रशिक्षक होते. आपल्याकडे आशाताई आहे, अंगणवाडी आहे आणि आपला गट आहे. त्यामुळे आपण जास्तच क्रमाने जायचं.

आत काय बदललेलं असतं?

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. नऊ महिने तिच्यावर भार असतो आणि बाळंतपणात ती खूप ताणली जाते. पोटाच्या पुढच्या भागातले दोन उभे स्नायूही एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधे फट राहते. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात. सिझेरियन झालं असेल तर वरची जखम लवकर बुजते, पण आतले थर भरून यायला महिने लागतात.

आता धावणं म्हणजे काय ते बघा. साधं धावतानाही प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर अंगावर येतो. शंभर मीटर जीव तोडून धावताना तो आणखी वाढतो. झोळी सैल असताना हा जोर आला की लघवी सुटते, ओटीपोटात जड वाटतं, कधी अंग बाहेर आल्यासारखं होतं. हे बायका सांगत नाहीत. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतला अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी शंभरात ९२ जणींना अंगावरचा काही ना काही आजार निघाला, आणि याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८ होत्या. म्हणजे आपल्याकडे सोसण्याची सवय फार जुनी आहे. खोकताना, शिंकताना, धावताना लघवी सुटणं ही लाजेची गोष्ट नाही, आणि "बाळंतपणानंतर असंच होतं" म्हणून सोडून देण्याचीही नाही. बऱ्याच जणींना नुसत्या व्यायामाने फरक पडतो.

पायरी पायरीने

गटात नवीन बाईला पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज आपण देत नाही. आधी बचत, मग लहान कर्ज, ते फिटलं की पुढचं. शरीराचा हिशोबही असाच ठेवायचा.

पहिले सहा आठवडे. हे दिवस विश्रांतीचे, अंगावर पाजण्याचे आणि घरातल्या घरात थोडं चालण्याचे. या काळात आशाताई घरी येते, शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. त्या दिवशी फक्त बाळाचं वजन विचारू नका, स्वतःबद्दलही बोला. साधी प्रसूती असेल आणि दुखत नसेल तर झोळीचा व्यायाम लवकर सुरू करता येतो. लघवी रोखून धरताना जसं आत ओढतो तसं ओढायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही.

सहा ते बारा आठवडे. चालणं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यायचं. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं, खुर्चीवर बसल्यासारखं खाली जाऊन उठणं, टाचा उचलणं हे व्यायाम करायचे. सिझेरियनवाल्या बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची आणि प्रत्येक पायरीला जास्त वेळ द्यायचा. या काळात धावायचं नाही.

तीन महिन्यांनंतर परीक्षा. ही आपण घरीच घेऊ शकतो. अर्धा तास भरभर चाला. एका पायावर दहा सेकंद उभ्या राहा. एका पायावर दहा वेळा थोडं वाकून उठा. जागच्या जागी एक मिनिट धावा. एका पायावर दहा उड्या मारा. दोन्ही पायांनी हे जमलं, दुखलं नाही, जड वाटलं नाही, लघवी सुटली नाही, तर हळू धावायला हरकत नाही. एक जरी गोष्ट अडली तरी आणखी काही आठवडे मागच्याच पायरीवर राहा. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला सहा, कुणाला त्याहून जास्त.

मग धावणं. एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. सलग वीस-पंचवीस मिनिटं आरामात धावता आलं की मगच वेगाकडे वळायचं.

शंभर मीटर सगळ्यात शेवटी. पूर्ण जोराने धावताना मांडीच्या मागची शिर धरण्याची भीती असते, म्हणून आधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं. सुरुवातीला ३० मीटर, अर्ध्याच जोराने. मग ६०, मग ८०. चालत परत यायचं, दम पूर्ण बसू द्यायचा, मगच पुढची फेरी. चार-पाच फेऱ्या पुष्कळ. आठवड्यातून दोनच दिवस. घड्याळ लावण्याची घाई नको. गोळाही लगेच उचलायचा नाही, जड उचलताना झोळीवर तसाच ताण येतो.

खाणं, पाणी आणि रक्त

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात. धावणार असाल तर त्याहून जास्त. भातासोबत डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, जवस, तीळ ताटात हवेत. अंगणवाडीचा आहार तुमच्यासाठी आहे, तो घरात वाटून संपवू नका. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वाढवा. रक्त कमी असताना केलेला सराव नुसता दमवतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल बराच आहे. तपासणी झाली नसेल तर धावण्याआधी करून घ्या. सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जोराचा सराव करू नका. फक्त वाहक असाल तर धावता येतं, पण पाणी कमी पडू द्यायचं नाही, उन्हात धावायचं नाही आणि एकदम जोर लावायचा नाही.

"धावलं की दूध आटतं" असं सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, समज खरा नाही. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बिघडतही नाही. पोटभर खाणं आणि पाणी कमी पडलं तर त्रास होतो. बाळाला पाजून मग धावायला जा. छातीही हलकी राहते आणि बाळही झोपतं. अंगात घट्ट आधार देणारी बॉडी असावी.

कुठे आणि केव्हा

चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून पहाटे धावा असं सगळे सांगतात. पण आपल्या गावांच्या कडेला वाघ आहे, अस्वल आहे. अंधारात जंगलालगतच्या रस्त्यावर धावू नका. चांगलं उजाडल्यावर, गावातल्या शाळेच्या मैदानावर, दोघी-तिघी मिळून जा. धान कापलेली बांधी मोकळी दिसते, पण खाचखळग्यात पाय मुरगळतो. वीस मीटरची दोरी घ्या, पाच वेळा टाका, दोन्ही टोकांना चुना मारा. शंभर मीटरचा ट्रॅक तयार.

थांबायचं केव्हा?

रक्तस्राव पुन्हा सुरू झाला किंवा वाढला, अंग बाहेर आल्यासारखं वाटलं, टाका दुखला किंवा चिघळला, चक्कर आली, तर धावणं थांबवून आरोग्य केंद्रात जा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागून बसत नसेल, तर त्याच दिवशी, त्याच वेळी जा. ही वाट बघण्याची दुखणी नाहीत.

गटाने काय करायचं?

तयारी एकटीची असली तरी वेळ एकटीकडे नसतो. पाणी, चूल, बाळ, शेत यातून पाऊण तास कुठून काढायचा? एका गटातल्या बायकांनी आठवड्याचे तीन दिवस वाटून घेतले. त्या दिवशी जिची पाळी ती बाळ सांभाळते. बुटांसाठी अंतर्गत कर्ज दिलं, हप्ता लहान ठेवला. सासूबाईंशी बोलायला गटाच्या दोन जुन्या बाया गेल्या, कारण सुनेने सांगितलेलं आणि बरोबरीच्या बाईने सांगितलेलं यात फरक पडतो. अजून भरतीचा निकाल नाही. पण ती मुलगी आता न लपवता मैदानावर जाते, आणि तिच्यासोबत दोघी नुसत्या चालायला जायला लागल्या आहेत.

पुढच्या बैठकीत तीन कामं करा. गटात वर्षभरात बाळंत झालेल्या किती जणी आहेत ते मोजा. त्यांचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासलं आहे का ते विचारा. आणि दार लावून, पुरुषमंडळी नसताना, लघवी सुटण्याचा त्रास कुणाकुणाला आहे ते मोकळेपणी बोला. ज्यांना भरतीला जायचं नाही त्यांनाही डोक्यावर मोळी घ्यायची असते, रोवण्याला वाकायचं असतं, तेंदूपत्त्याला जंगलात चालायचं असतं. झोळीचा व्यायाम त्यांच्याही कामाचा आहे.

भरतीची जाहिरात निघाली की गुण, वय आणि तारखांच्या अटी नीट वाचून घ्या, कारण नियम बदलू शकतात. वाचायला अडचण आली तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत बसवा. तोपर्यंत ज्या पायरीवर असाल त्या पायरीचा सराव चालू ठेवा.