झोपलेल्या एक्सची गोष्ट

ऐका बाळांनो, आज एका मांजरीची गोष्ट. खरीखुरी आहे बरं का! अमेरिकेत, टेक्सासमध्ये रेनबो नावाची मांजरी होती. पांढरं अंग, त्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. तिथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिच्या एका पेशीचं केंद्रक घेतलं, दुसऱ्या मांजरीच्या रिकाम्या केलेल्या अंड्यात बसवलं, आणि २२ डिसेंबर २००१ रोजी सीसी जन्मली. जगातली पहिली क्लोन मांजर. केंद्रकातली जनुकं रेनबोचीच, जशीच्या तशी. पण सीसीच्या अंगावर नारिंगी रंग औषधालाही नव्हता!

कुठं गेला तो? कुठंच नाही. पेशीतच होता, गप्प.

मांजर असो, उंदीर असो की माणूस, मादीच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. नराकडं एकच. एक्सवर जनुकं शेकड्यांनी. दोन्ही एक्स जोमानं कामाला लागली तर नको तितकी प्रथिनं तयार होतील. म्हणून गर्भ इवलासा असतानाच त्याची एकेक पेशी दोहोंतलं एक एक्स बंद करते. कोणतं, याला नियम नाही. पण एकदा बंद केलं, की त्या पेशीच्या लेकी, नाती, पणत्या, सगळ्या तेच बंद ठेवतात. मांजरांचं नारिंगी रंगाचं जनुक नेमकं एक्सवर बसलेलं. ज्या पेशीत ते एक्स जागं, तिच्या वंशाचा ठिपका नारिंगी. जिथं दुसरं जागं, तिथं काळा. तीन रंगांचा बोका सहसा दिसत नाही, तो यामुळंच. उंदरांच्या चितकबऱ्या अंगावरून मेरी लायन या इंग्रज विदुषीनं १९६१ मध्ये हे सगळं ताडलं. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर तर्कांपैकी हा एक.

सीसी ज्या पेशीपासून झाली, तिच्यात नारिंगीवालं एक्स झोपलेलं होतं, आणि अंड्यात जाऊनही ते उठलं नाही, असं मानतात.

हे झोपलेलं एक्स डोळ्यांना दिसतंसुद्धा. कॅनडात १९४९ मध्ये मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी बर्ट्राम मांजरांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काहींच्या केंद्रकात एक गडद ठिपका, काहींच्यात काहीच नाही. नोंदी चाळल्या, तर ठिपकेवाल्या सगळ्या माद्या! तो ठिपका म्हणजे गच्च आवळलेलं एक्स, हे पुढं कळलं.

आवळतं कोण? एक्सवरचंच एक जनुक, एक्सिस्ट. ते प्रथिन बनवतच नाही. त्यातून आरएनएचा लांबलचक धागा निघतो, माणसात सुमारे १७ हजार अक्षरांचा, आणि ज्या गुणसूत्रातून निघाला त्यालाच गोधडीसारखा लपेटून टाकतो. मागोमाग प्रथिनं येतात, डीएनएवर रासायनिक खुणा करतात. आता ते एक्स जन्मभर मिटलेलं.

जन्मभर? थांबा. अंडी घडवणाऱ्या पेशींत निसर्ग स्वतःच त्याला उठवतो. आणि २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं घातली, तर त्या पेशी उलट्या पावली बालपणात गेल्या, मूलपेशींसारख्या झाल्या! पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मादी पेशी तपासल्या. झोपलेलं एक्स जागं झालं होतं.

पण ते चटकन उठत नाही हं. पेशीचं रूप पालटतं, नॅनॉगसारखी मूलपेशींची जनुकं चालू होतात, एक्सिस्टचा धागा विरतो, डीएनएवरच्या खुणा पुसल्या जातात, आणि मग कुठं, प्रवास संपत आल्यावर, त्या एक्सवरची जनुकं बोलू लागतात. त्याहून नवल पुढं आहे. ह्याच पेशींना पुन्हा मोठं होऊ दिलं, की त्या पुन्हा एक एक्स निवडून बंद करतात. आधी कोणतं बंद होतं, याची त्यांना आठवणच नसते!

माणसाच्या पेशी मात्र हट्टी. तीच चार जनुकं घातली, नेहमीच्या पद्धतीनं वाढवल्या, तरी बहुतेकदा बंद एक्स बंदच राहतं. त्याला जागं करायला वेगळी, खास द्रव्यं द्यावी लागतात.

याच हट्टाचा एक उपयोगही झाला. रेट सिंड्रोम नावाचा आजार बहुतेक मुलींनाच होतो. वर्षभराची गोड पोर हळूहळू बोलणं विसरते, हातांनी खेळणं विसरते. एक्सवरचं एमईसीपी२ हे जनुक बिघडलेलं असतं. पण दुसऱ्या एक्सवर त्याची निरोगी प्रत असते! साधारण अर्ध्या पेशींत ती नुसती झोपलेली. अशा मुलीच्या पेशींपासून मूलपेशी केल्या, तर त्या पेशींच्या काही वसाहतींत निरोगी प्रत जागी मिळते, काहींत बिघडलेली. मूल तेच, बाकी सारी जनुकं तीच. त्यांपासून वाढवलेल्या चेतापेशी शेजारी शेजारी ठेवून आजार नेमका कुठं बोचतो ते पाहता येतं. आणि कितीतरी प्रयोगशाळांत आज हाच शोध चालू आहे, की सगळं एक्स न उठवता ती एकच प्रत कशी जागी करायची.