दादागिरीला शिक्षा हवी, गरिबीला नको

डोलवीजवळ मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या तुंबल्या की काचेवर टकटक होते. बहुतेक जण हात पसरतात आणि नाही म्हटलं की पुढे जातात. एखादा मात्र वाट अडवतो, शिव्या देतो, पैसे घेतल्याशिवाय हटत नाही. परवा कार्यकर्त्यांच्या बैठकीत सूर निघाला, "निवेदन देऊ, सगळ्यांना उचलायला लावू." निवेदन देण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबता येते, पुढे ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करून पैसे मागणे हेही येते. म्हणजे वासुदेव, पोतराज, डोंबारी हे सगळेच गुन्हेगार! उपजीविकेचे साधन न दिसता फिरणारा माणूससुद्धा यात सापडतो. अंगावर धावून येणारा आणि मुकाट हात पसरणारा यांत हा कायदा फरक करत नाही.

दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातील मुख्य तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, भीक मागण्यावर बंदीची मागणी आपण अभिजन नजरेने पाहणार नाही. त्याच वर्षी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, भीक मागणाऱ्या गरीब रोमा स्त्रीला दंड व कैद करणाऱ्या स्वित्झर्लंडला दोषी धरले.

तरीही शहरे सोपा मार्ग धरतात. नागपुरात मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांआधी जमावबंदीच्या कलमाखाली चौकांत भीक मागण्यावर बंदी आली. इंदूरने २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्ह्याचा इशारा दिला. माणसे चौकातून हटतात, पण त्यांची गरिबी हटत नाही.

मग दादागिरीचे काय? त्यासाठी वेगळे कायदे आहेतच. वाट अडवणे आणि धमकावून पैसे उकळणे हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. मुलांना भीक मागायला लावणाऱ्यास बाल न्याय कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ते मूल आरोपी नसते. त्याला बाल कल्याण समितीसमोर न्यायचे असते, आणि त्यासाठी १०९८ वर फोन करता येतो.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. भिक्खू पात्र घेऊन मूकपणे उभा राहतो, मिळाले नाही तर पुढे जातो. मागणे आणि हिसकावणे यांतला फरक तिथेच दिसतो. आणि १९२७ च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत, बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा असे सांगितले. ते सांगताना त्यांनी मागणाऱ्याला तुरुंगात घाला असे म्हटले नाही. शिक्षण, शेती, नोकरी आणि स्वाभिमान यांची वाट दाखवली.

म्हणून मित्रांनो, निवेदन जरूर देऊ. पण त्यात लिहू: धमकावणाऱ्यावर आणि मुलांना वापरणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, बाकीच्यांना रेशनकार्ड, निवारा, उपचार आणि काम द्या. आपल्याच आजोबांना ज्या नजरेने पाहिले गेले, ती नजर आपली होऊ देऊ नका.

जय भीम!