सातपुड्यात रेंज कुठे अडते?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावहून नर्मदाकाठच्या पाड्यांकडे निघाले, की एका वळणावर फोनला रेंज असते आणि पुढच्या वळणावर ती जाते. टॉवर तोच, अंतरही जवळपास तेवढेच. मध्ये डोंगराची धार आलेली असते.

टॉवर उंच दिसतो, पण आकडेमोड होते ती बेसबँड युनिट नावाच्या पेटीत. आपला फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट शक्तीने लहर सोडतो. अँटेनापर्यंत पोचताना तिची शक्ती एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकीच उरू शकते. त्यातून दऱ्याखोऱ्यांत ती एकटी येत नाही. दरीत मारलेल्या हाकेचा पडसाद पुढच्या शब्दावर आदळावा, तशी कड्यावर आपटलेली तिचीच नक्कल मागाहून येते.

4जीने यावर सुरेख तोड काढली. प्रत्येक चिन्ह, म्हणजे माहिती वाहणारा लहरीचा एक छोटा भाग, 66.7 मायक्रोसेकंद टिकते आणि त्याच्या आधी त्याचीच शेपटी 4.7 मायक्रोसेकंदांपुरती जोडलेली असते. लहर मायक्रोसेकंदाला 300 मीटर जाते. म्हणजे सुमारे 1.4 किलोमीटरचा जादा फेरा घेऊन आलेला पडसादही पुढच्या चिन्हाला धक्का लावत नाही. ठरलेल्या खुणेच्या चिन्हांवरून युनिट लहर वाटेत किती बिघडली ते मोजते, बिघाड दुरुस्त करते आणि माहितीचा तुकडा नीट पोचला का, हे चौथ्या मिलिसेकंदाला फोनला कळवते. या गणिताचे मला विलक्षण कौतुक वाटते.

मात्र डोंगराच्या सावलीपुढे गणित हरते. 700 मेगाहर्ट्झची 43 सेंटिमीटर लांबीची लहर धारेवरून थोडी तरी वळते. 2100 मेगाहर्ट्झची 14 सेंटिमीटरची लहर त्याहून कमी.

नोव्हेंबर 2021मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील 7,287 गावांना 4जी देण्याची योजना मंजूर केली. नंदुरबारही आकांक्षित जिल्हा आहे. पण मोजणी गावांची, आणि सातपुड्यातले गाव म्हणजे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले पाडे. एका पाड्यावर रेंज आली म्हणून गाव जोडले गेले असे मानणे मला चुकीचे वाटते. मोजणी पाड्यांची हवी.

त्यासाठीची माहिती टॉवरपाशीच असते. दूरच्या फोनची लहर वेळेवर पोचावी म्हणून त्याने ती किती आधी पाठवायची, हे युनिट त्याला 0.52 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत सांगते. एक टप्पा म्हणजे सुमारे 78 मीटर अंतर. कोणत्या दिशेच्या अँटेनावर किती अंतरावरून फोन जोडले जातात, हे त्यातून कळते. नकाशावर पाडा आहे, पण त्या दिशेने, त्या अंतरावरून महिनोन्‌महिने एकही फोन जोडला गेला नाही, तर पुढचा टॉवर कुठे हवा ते तिथे पाहून ठरवावे.