दर्यावर पोहोचणारा निरोप

समुद्रात दूर गेलेल्या माणसाला किनाऱ्यावरून निरोप कसा पोहोचवावा, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या वस्त्यांइतकाच जुना आहे. वादळाची चाहूल लागली की बंदरावर बावटा चढवीत, रात्री दिवे टांगीत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणातल्या कोळीवाड्यांत आजही सर्वांना कळते. परंतु बावटा ज्याला दिसे तो बंदरात किंवा बंदराच्या जवळपासच असे. ज्याला इशाऱ्याची खरी निकड, तो तांडेल आपल्या खलाशांसह क्षितिजापलीकडे जाळे टाकून बसलेला असे. आकाशवाणीने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. पुढे मोबाइल आला आणि प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. तो सुटला नव्हता. मोबाइल बोलतो तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनोऱ्याशी आणि समुद्रात दहा-बारा किलोमीटर गेले की त्या मनोऱ्याशी त्याचा संबंध तुटतो.

याची फार मोठी किंमत २०१७ साली मोजावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीजवळच्या समुद्रात ओखी नावाचे वादळ पाहता पाहता बळावले. केरळ आणि तमिळनाडूतील अनेक नौका त्याआधीच कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे दिले गेले, पण ते या नौकांपर्यंत जाण्याला वाटच नव्हती. कित्येक मच्छीमार परतले नाहीत. ज्यांचे दैव बलवत्तर, ते भरकटत का होईना, किनाऱ्याला लागले. दोन डिसेंबरपर्यंत अशा ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप पोहोचल्याचे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले होते.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. मोबाइलमध्ये तर जीपीएस असते, मग समुद्रात तो निरुपयोगी कसा ठरतो? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर समजून घ्यायचे, तर ‘मी कोठे आहे’ आणि ‘माझ्यावर काय येऊ घातले आहे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जीपीएस देते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह अखंडपणे दोनच गोष्टी सांगत असतात : मी आत्ता कोठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने खाली येतो, तरी त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतोच. संदेश किती उशिरा आला यावरून तो किती दुरून आला, याचा हिशेब आपल्या हातातील ग्राहक, म्हणजे संदेश ऐकणारे यंत्र, करते. अशी चार उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपले अक्षांश-रेखांश आणि उंची निश्चित होते. चौथा उपग्रह कशासाठी? ग्राहकाचे स्वतःचे घड्याळ स्वस्तातले असते, त्याची चूक दुरुस्त करण्यासाठी. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी जागा तीनशे मीटरने चुकते.

या सर्व खटाटोपात ग्राहक कोणाशीही बोलत नाही. तो केवळ ऐकतो. म्हणून मनोरा नसला तरी जीपीएस चालते. मनोऱ्याच्या आवाक्यात मात्र उपग्रहांची वेळापत्रके मोबाइलला आयती मिळतात. समुद्रात ती उपग्रहाच्याच संथ संदेशातून वेचून घ्यावी लागतात. त्यामुळे पहिला ठावठिकाणा कळायला जरा उशीर लागतो, इतकेच.

आज ग्राहक मोबाइलच्या पोटातच असतो, पण नेहमीच तसे नव्हते. या शतकाच्या आरंभी बहुतेक मोबाइलना आणि खिशात मावणाऱ्या संगणकांना जीपीएस ठाऊक नव्हते. ज्याला हवे असेल तो काड्यापेटीएवढा वेगळा ग्राहक विकत घेई आणि तो खाचेत बसवून, तारेने किंवा बिनतारी ब्लूटूथने जोडी. हा ग्राहक दर सेकंदाला स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी मोबाइलकडे पाठवी. त्यांत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा असे सारे असे. मोबाइलने त्या वाचायच्या आणि नकाशावर ठिपका दाखवायचा. या ओळींची ठरीव भाषा जहाजांवरील उपकरणांसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली होती. पुढे ती मोटारींत आणि खिशांत शिरली. ग्राहक मोबाइलच्या आत गेल्यावर ही जोडणीची कला इतिहासजमा होणार असे वाटत होते. ती पुन्हा कामी आली ती दर्यावरच, आणि तेही बेंगळुरूमुळे.

बेंगळुरू समुद्रापासून किती दूर! तरीही आपल्या मच्छीमारांच्या सुरक्षिततेचे बरेच धागे तेथे जाऊन मिळतात. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी ‘गगन’ नावाची यंत्रणा उभारली. जीपीएसचा संदेश वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येताना किंचित रेंगाळतो आणि आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात हा दोष अधिक जाणवतो. ज्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच अचूक मोजून ठेवले आहेत, तेथे ग्राहक बसवला की जीपीएस किती चुकते आहे ते लगेच कळते. ‘गगन’ने अशी पंधरा केंद्रे देशभर स्थापन केली. त्यांत नागपूर आहे आणि गोवाही आहे. या केंद्रांची निरीक्षणे बेंगळुरूच्या कुंदलहळ्ळी येथील नियंत्रण केंद्राकडे जातात. तेथे दुरुस्तीचा हिशेब होतो, तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांकडे पाठवला जातो आणि तेथून सबंध देशावर व भोवतालच्या समुद्रावर उतरतो. जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवर त्यासाठी खास यंत्रे बसवली होती. २०१४ च्या फेब्रुवारीत ही सेवा सुरू झाली.

आता पाहा, ज्या प्रक्षेपणातून विमानाला दुरुस्ती मिळते, त्यातूनच मच्छीमाराला इशारा का देऊ नये? भूस्थिर उपग्रहाला मनोऱ्याची गरज नाही. किनाऱ्यापासून दहा किलोमीटर काय आणि तीनशे किलोमीटर काय, त्याला सारखेच. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे ‘इन्कॉइस’ने, विमानतळ प्राधिकरणाच्या साहाय्याने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. ग्राहक तयार केला बेंगळुरूच्या ॲकॉर्ड या खासगी कंपनीने. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या हस्ते ‘जेमिनी’ या नावाने त्याचे लोकार्पण झाले.

जेमिनी ही हातात मावणारी पेटी आहे. ती ‘गगन’चा संदेश पकडते आणि ब्लूटूथने मोबाइलला देते. मोबाइलमधले ॲप त्या संदेशाची उकल करून तो नऊ प्रादेशिक भाषांत दाखवते. वादळाची सूचना, लाटांची उंची, वाऱ्याचा जोर, तसेच मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, ही माहिती त्यातून मिळते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांचा उपग्रहांनी घेतलेला वेध हा या शेवटच्या अंदाजाचा आधार असतो. डिझेलचे भाव पाहता, योग्य दिशेला थेट जाता येणे ही नौकामालकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

उकल मोबाइलमध्ये का, याचे कारण रंजक आहे. ‘गगन’चे प्रक्षेपण सेकंदाला अवघे २५० बिट वाहून नेते. देवनागरीच्या एका चिन्हाला संगणक सोळा बिट खर्च करतो असे धरले, तर सेकंदाला पंधराच्या आसपास चिन्हे झाली. शिवाय या प्रवाहावर पहिला हक्क विमानांच्या दुरुस्त्यांचा. अशा चिंचोळ्या वाटेने वादळाचे लांबलचक वार्तापत्र पाठवणे परवडणारे नाही. थोडक्या संकेतांत निरोप पाठवावा आणि भाषा, नकाशा, चित्रे मोबाइलमध्ये आधीच ठेवून द्यावीत, हाच शहाणपणाचा मार्ग. जुनी तार आठवावी! तेथेही शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक असत आणि तारेतून क्रमांकच जाई.

मग हा ग्राहक मोबाइलच्या आतच का नाही? सर्वसाधारण मोबाइलमधील जीपीएसचा ग्राहक उपग्रहाचा संदेश आपल्या हिशेबापुरता वापरतो, त्यातील मजकूर दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी तो घडवलेला नसतो. वेगळ्या पेटीचा आणखी एक साधा फायदा असा, की ती जेथून आकाश मोकळे दिसते तेथे ठेवता येते आणि मोबाइल तांडेलाजवळ आडोशाला, कोरडा राहतो. ब्लूटूथची पोच सामान्यतः दहा मीटरची, एवढी लहान-मध्यम नौकेला पुरते.

जेमिनीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. तिची किंमत सुमारे ९,००० रुपये सांगितली गेली. सरकारी अनुदानाचा आधार नसेल, तर दोन-तीन माणसांच्या होडीला ही रक्कम जड आहे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची : ती ऐकते, बोलत नाही. वादळ येत आहे हे तांडेलाला कळेल, पण आपले इंजिन बंद पडले आहे हे त्याला किनाऱ्याला कळवता येणार नाही. माझ्या मते अशा साधनाची खरी कसोटी येथेच आहे, कारण संकटात सापडलेल्या माणसाला ऐकण्याइतकीच सांगण्याचीही गरज असते.

सांगण्याचे एक साधन २०१० पासून वापरात होते. इस्रोने घडवलेल्या संकटसूचक प्रेषकाचे बटण दाबले की नौकेचा ठावठिकाणा उपग्रहामार्गे बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात पोहोचतो आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांना कळवला जातो. उणीव इतकीच, की आपली हाक ऐकली गेली की नाही, हे बटण दाबणाऱ्याला समजत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने या प्रेषकाची दुसरी पिढी जाहीर केली. तिच्यात पोचपावती उलट येते. हा प्रेषकही ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतो आणि संदेश आपल्या भाषेत वाचता येतात. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने दुतर्फा संदेशाची यंत्रे बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये असून किनारपट्टीवरील १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्या कक्षेत येतात. याही यंत्राचे तंत्रज्ञान इस्रोचेच आहे.